बायबल : नवख्या मराठी वाचकाच्या दृष्टीने

फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी भाषेची केलेली स्तुती ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. क्रमिक पुस्तकांतून, संमेलनांच्या भाषणांतून आणि भाषादिनाच्या कार्यक्रमांतून त्या ओव्या आपण इतक्यांदा ऐकल्या आहेत, की त्या एका इंग्रज जेझुइटाने रचलेल्या आहेत याचे आता नवलही वाटत नाही. परंतु त्या ओव्या ज्या काव्यात येतात ते ‘ख्रिस्तपुराण’ आपल्यापैकी कितीजणांनी वाचले, आणि ते काव्य ज्या ग्रंथाची कथा सांगते तो ग्रंथ कितीजणांनी उघडला, असे विचारले तर फारसे हात वर होणार नाहीत. आपल्या भाषेचे कौतुक आपण जपून ठेवले. ते कौतुक ज्या विषयाच्या निमित्ताने झाले तो विषय मात्र बाजूला सारला.

याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. एक कारण भीतीचे आहे. बायबल घरात आले की धर्म बाटतो, ही समजूत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत पक्की होती, आणि तिला इतिहासाचा आधारही होता. दुसरे कारण सौजन्याचे आहे. सर्व धर्म सारखेच चांगले, सर्व ग्रंथांत एकच सत्य, असे म्हणून टाकले म्हणजे कोणताच परका ग्रंथ वाचण्याची गरज उरत नाही. भीतीने ग्रंथ बंद राहिला आणि सौजन्यानेही तो बंदच राहिला. या दोन्ही गोष्टी दूर ठेवून, केवळ साहित्याचा वाचक म्हणून, मराठीतून, पहिल्यानेच बायबल वाचणाऱ्यास तेथे काय सापडते आणि कोठे अडते, याचा विचार येथे करावयाचा आहे. श्रद्धेचा प्रश्न आम्ही येथे घेत नाही. तो ज्याचा त्याचा आहे.

पहिली अडचण आकाराचीच. बायबल हा एक ग्रंथ नसून ते एक ग्रंथालय आहे. जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७ अशी ६६ पुस्तके प्रॉटेस्टंट परंपरेत धरतात. कॅथलिक परंपरेत ती ७३ होतात. ज्यू लोक आपल्या शास्त्राची पुस्तके २४ मोजतात आणि त्यांचा क्रमही वेगळा लावतात. या पुस्तकांत सृष्टीची कथा आहे, वंशावळी आहेत, कायदे आहेत, राजांच्या बखरी आहेत, स्तोत्रे, म्हणी, प्रेमगीते, विलापगीते, पत्रे आणि दृष्टान्त आहेत. शतकानुशतके, अनेक हातांनी आणि हिब्रू, अरामी व ग्रीक अशा तीन भाषांत ती लिहिली गेली. मराठी वाचक मात्र पोथीच्या सवयीने पहिल्या पानापासून आरंभ करतो. ‘उत्पत्ति’ आणि ‘निर्गम’ ही पुस्तके त्याला ओढून नेतात. ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकातील यज्ञांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम आले की गाडी थांबते.

या वाटेवर थोर माणसेही अडखळली आहेत. गांधीजींनी इंग्लंडमध्ये विद्यार्थिदशेत बायबल वाचावयास घेतले तेव्हा ‘उत्पत्ति’ पुढील प्रकरणे वाचताना आपल्याला हमखास झोप येई आणि ‘गणना’ हे पुस्तक तर मुळीच रुचले नाही, अशी प्रांजळ नोंद त्यांच्या आत्मकथेत आहे. नवा करार हाती आल्यावर, विशेषतः मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचन वाचल्यावर, ते एकदम जागे झाले आणि त्यांनी त्याची गीतेशी तुलना केली. आपल्या भाषेतले असेच उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना तेही गिरिप्रवचनापाशीच थबकले. पुढे १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. गांधीजी मरेपर्यंत हिंदूच राहिले. तीच तीन प्रकरणे दोन नवख्या वाचकांनी वाचली आणि दोघांच्या आयुष्यांना निराळी वळणे मिळाली. ग्रंथ वाचल्याने माणूस अमुकच होतो, ही भीती किती ढोबळ आहे, हे यावरून दिसते.

मात्र या दोन उदाहरणांमुळे आपल्याकडे एक सोयीची समजूतही रुजली : बायबलातले घेण्याजोगे तेवढे गिरिप्रवचनात आहे, बाकीचे सोडून दिले तरी चालेल. विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले, त्यामागे सर्व धर्मांचे सार जनतेच्या हाती द्यावे ही निर्मळ दृष्टी होती. विनोबांचे शिक्षण बडोद्यात झाले आणि अनेक भाषांतील ग्रंथ मुळातून वाचण्याचा त्यांचा उद्योग आयुष्यभर चालू राहिला. त्यांनी काढलेले सार हे अफाट वाचनानंतरचे सार होते. आपण ते वाचनाच्या ऐवजी घेतो, हा दोष विनोबांचा नव्हे. परंतु साहित्य म्हणून पाहता सार काढण्याची पद्धत बायबलाला फारशी मानवत नाही. सुभाषित वेगळे काढता येते. कथेचे सार काढले की कथाच उरत नाही. आणि बायबलाचा मोठा भाग कथा आहे, त्याही अशा, की ज्यांचे तात्पर्य कथाकार स्वतः क्वचितच सांगतो.

‘उत्पत्ति’च्या बाविसाव्या अध्यायातील अब्राहामाची कथा घ्यावी. म्हातारपणी झालेला मुलगा, इसहाक, आपल्याला अर्पण कर, अशी आज्ञा देव अब्राहामाला करतो. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो आणि मुलाला घेऊन निघतो. तीन दिवसांच्या वाटेत त्याच्या मनात काय चालले होते, याविषयी एक शब्दही नाही. मुलगा एवढेच विचारतो की विस्तव आणि लाकडे आहेत, पण कोकरू कोठे? बाप दोन वाक्यांपेक्षा अधिक बोलत नाही. शेवटी हात थांबवला जातो, झुडपात अडकलेला एडका सापडतो, आणि अब्राहाम आपल्या चाकरांकडे परत येतो. इसहाक त्याच्याबरोबर परतला की नाही, हेही कथाकार सांगत नाही. सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे मुलाची आई सारा या सबंध प्रसंगात कोठेच नाही. तिला सांगितले होते काय? ती दारात उभी होती काय? मूळ कथा गप्प आहे.

मराठी वाचकाच्या मनात येथे श्रियाळ आणि चांगुणेची कथा आल्याशिवाय राहत नाही. अतिथी होऊन आलेल्या शिवासाठी चिलया बाळाला अर्पण करणारी ती आई आपल्या घराघरांत ओव्यांमधून आणि श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तून पोहोचली. तेथे सारा भर आईच्या जिवाच्या तडफडीवर आहे. रडावयाचे नाही, गात गात उखळात कांडावयाचे, हा तपशील ऐकताना आपल्या आज्या-पणज्यांचे डोळे भरून येत. आपली कथा दुःखाला वाचा देते. हिब्रू कथा दुःख झाकून ठेवते आणि ते वाचकाच्या मनात उभे राहू देते. एका कथेत आई मध्यभागी आहे, दुसरीत तिची जागाच मोकळी आहे. आणि ती मोकळी जागा दिसू लागली की कथा वाचून संपल्यावरही सुटत नाही.

एरिक आउअरबाख या जर्मन ज्यू समीक्षकाने आपल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात ही कथा होमरच्या ‘ओडिसी’तील एका प्रसंगाशी ताडून पाहिली आहे. होमर सर्व काही उजेडात आणतो आणि बायबलकार पुष्कळसे अंधारात ठेवतो, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. नाझी राजवटीत प्राध्यापकी गेल्यावर आउअरबाख इस्तंबूलला गेला आणि तेथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्याने हा ग्रंथ लिहिला. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला. घरदार सोडलेल्या माणसाला या कथांतील मौन ऐकू आले, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

स्टीफन्स यांची वाट याच्या उलट आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या धर्मगुरूने १६१६ साली राचोल येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ साधारण अकरा हजार ओव्यांचे आहे. त्याचे दोन भाग जुन्या आणि नव्या कराराला धरून चालतात. पण त्याची रीत भाषांतराची नाही, पुराणाची आहे : वर्णन करावे, संवाद फुलवावेत, श्रोत्यांच्या शंका घ्याव्यात, त्यांचे निरसन करावे. साष्टीतील नव्या ख्रिस्ती समाजाला ओळखीच्या वाणीत कथा सांगावी हा त्यांचा हेतू होता, आणि ओवीचा त्यांनी केलेला वापर आजही थक्क करतो. त्यांनी बायबलला मराठी केले. पण मराठी करताना त्यांना ते बोलके करावे लागले, आणि मूळ ग्रंथ जेथे गप्प राहतो त्या जागा पुष्कळशा भरून गेल्या. म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ हे बायबलाकडे जाण्याचे सुंदर दार असले तरी तेथेच थांबून चालत नाही.

आता आम्हांला ज्या भागाविषयी विशेष लिहावयाचे आहे तिकडे वळू. बायबलाच्या पहिल्या पानापासून आरंभ करण्याऐवजी नवख्या वाचकाने, आणि त्यातही आपल्यासारख्या मुलखाबाहेर वसलेल्या कुटुंबांतील वाचकाने, मध्यभागी असलेल्या वनवासाच्या पुस्तकांपासून आरंभ करावा, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि लोकांना कैद करून नेले. ५३९ साली बाबेल इराणच्या कोरेश राजाच्या हाती आले आणि पुढे त्याने परतीची मुभा दिली. काही परतले, पुष्कळसे तेथेच राहिले. जुन्या कराराचा बराच भाग या काळात आणि त्यानंतर संकलित झाला, असे अभ्यासक मानतात. राज्य गेले, मंदिर गेले, मुलूख सुटला. तेव्हा जे उरले ते ग्रंथात बांधून ठेवावे, ही निकड या पुस्तकांमागे आहे. आपले पूर्वज बंदिवान होऊन इंदूरला वा ग्वाल्हेरला गेले नाहीत; ते बहुधा विजेत्यांबरोबर गेले, हा भेद विसरता कामा नये. परंतु मुलूख मागे पडल्यावर भाषा आणि स्मरण यांचे काय करावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, आणि बायबल त्याला एकच उत्तर देत नाही.

एक उत्तर १३७व्या स्तोत्रात आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले लोक वाद्ये झाडांना टांगतात. परक्या भूमीत आपले गाणे कसे गावे, असा त्यांचा प्रश्न आहे. हे स्तोत्र जगभर गाइले जाते, पण गाताना त्याचा शेवट बहुधा गाळतात. कारण शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयी जो शाप आहे तो ऐकवत नाही. स्मरणाच्या पोटी सूड कसा वाढतो हे या एका कवितेत दिसते. शेवट गाळून ती वाचली तर ती गोड होते आणि खोटी होते.

दुसरे उत्तर यिर्मया संदेष्ट्याने बंदिवानांना पाठवलेल्या पत्रात आहे, ‘यिर्मया’च्या एकोणतिसाव्या अध्यायात. घरे बांधा आणि राहा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा, असा त्याचा आशय आहे. परतीला सत्तर वर्षे लागतील, हेही तो स्पष्ट सांगतो. शत्रूच्या नगराचे कल्याण ते तुमचे कल्याण, असे पराभूत लोकांना सांगणे हे मोठे धैर्य होते. ज्यांनी परमुलखात वाडे, वाचनालये, शाळा आणि गणेशोत्सव उभे केले त्यांच्या वंशजांना हे पत्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरे उत्तर नहेम्याचे, आणि ते सर्वांत जवळचे व सर्वांत कडू आहे. नहेम्या हा इराणच्या दरबारातील अधिकारी. राजाची परवानगी घेऊन तो यरुशलेमची तटबंदी बांधावयास येतो. पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात त्याला आढळते की काही यहुद्यांनी अश्दोद, अम्मोन आणि मवाब येथील स्त्रियांशी लग्ने केली आहेत, आणि त्यांची निम्मी मुले अश्दोदची भाषा बोलतात. यहुद्यांची भाषा त्यांना येत नाही. नहेम्या संतापतो. तो त्यांना शाप देतो, काहींना मारतो, त्यांचे केस उपटतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रसंग वाचताना आपल्यापैकी कोणाला हसू येईल, कोणाला राग येईल. अनोळखी मात्र तो कोणालाच वाटणार नाही. नातवंडे मराठीत प्रश्न विचारल्यावर हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उत्तर देतात, तेव्हा हाच नहेम्या आपल्या दिवाणखान्यात बसलेला असतो.

परंतु याच पुस्तकात, आठव्या अध्यायात, दुसरे एक दृश्य आहे. पाणवेशीसमोरच्या चौकात स्त्रीपुरुष जमतात. एज्रा शास्त्री सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवतो आणि लेवी लोक ते समजावून सांगतात. ते ऐकून लोक रडू लागतात, तेव्हा त्यांना सांगितले जाते की रडू नका. घरी जा, गोडधोड खा, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटा पाठवा. भाषा आणि ग्रंथ टिकवण्याच्या या दोन रीती एकाच पुस्तकात आहेत : एकीत केस उपटले जातात, दुसरीत वाचून, उलगडून सांगून जेवावयास धाडले जाते. शिवाय ज्यू परंपरेत ‘एज्रा’ आणि ‘नहेम्या’ हे एकच पुस्तक मानतात, आणि त्याचा काही भाग हिब्रूत नसून अरामीत, म्हणजे साम्राज्याच्या व्यवहारभाषेत, आहे. मुलांच्या भाषेवर रागावणारा ग्रंथ स्वतः दोन भाषांत लिहिलेला आहे, हे ज्यांनी तो संकलित केला त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही.

नहेम्याला सर्वांत थोर प्रत्युत्तर मात्र त्याच संग्रहातील चार अध्यायांच्या एका लहान पुस्तकात आहे : ‘रूथ’. दुष्काळामुळे बेथलेहेमचे एक कुटुंब मवाब देशात जाऊन राहते. मुलगे तेथल्याच मुलींशी लग्ने करतात. दहाएक वर्षांत घरातले तिन्ही पुरुष मरतात आणि सासू नामी परत निघते. थोरली-धाकटी कोण ते कथा सांगत नाही. एक सून, अर्पा, रडत माहेरी परतते आणि दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही. बेथलेहेमला पोचल्यावर बायका जमतात, तेव्हा नामी म्हणते की मी भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणले. त्या वेळी रूथ तिच्या शेजारीच उभी आहे! कथाकार यावर काही बोलत नाही. सासूच्या दुःखात सून मोजली गेली नाही, हे त्याने केवळ दोघींना शेजारी उभे करून सांगितले. पुढे रूथ शेतात सरवा वेचते, बवाजाची तिच्यावर नजर जाते, लग्न होते, मुलगा होतो. तेव्हा त्याच शेजारणी नामीला बजावतात की ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे.

या कथेत रूथला पुनःपुन्हा ‘मवाबी’ म्हटले आहे. परकेपणाचा हा शिक्का शेतातही तिच्यामागे येतो आणि वेशीवरच्या पंचायतीतही. लग्नाच्या वाक्यात मात्र ती नुसती रूथ आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकात मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये असा नियम आहे. आणि या मवाबी स्त्रीचा पणतू दावीद, इस्राएलचा सर्वांत लाडका राजा. ‘रूथ’ केव्हा लिहिले गेले याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक त्याला एज्रा-नहेम्याच्या कडक धोरणावरील प्रतिवाद मानतात. काळ कोणताही असो, संग्राहकांनी नियम ठेवला, नहेम्याचा संताप ठेवला आणि रूथही ठेवली, ही वस्तुस्थिती आहे. परकी सून घरात आली की भाषा आणि वंश बुडाला, असे ज्यांना वाटते त्यांनी नहेम्या वाचावा. पण रूथ वाचल्याशिवाय तो वाचून संपला असे समजू नये.

या ग्रंथात न रुचणारे पुष्कळ आहे, आणि नवख्याने ते सौजन्याने झाकू नये. ‘यहोशवा’मध्ये यरीहो नगर पडल्यावर राहाब आणि तिचे कुटुंब वगळता स्त्रीपुरुष, म्हातारे, मुले यांची सरसकट कत्तल होते, तीही देवाच्या आज्ञेने. ते वाचताना मन विटते. आपल्याकडील खांडववनदाहात पळणाऱ्या जिवांना परत आगीत लोटले जाते, तेही असेच वाचवत नाही. दोन्हीकडे एकच माप लावले पाहिजे. परक्याच्या ग्रंथातली हिंसा दाखवावयाची आणि आपल्याकडची ती रूपक म्हणावयाची, ही समीक्षा नव्हे. बायबलातच आमोससारखे संदेष्टे आहेत, जे गरिबाला पायतणाच्या मोलाने विकणाऱ्या स्वजनांनाच धारेवर धरतात. ग्रंथाची सर्वांत कठोर टीका त्याच्याच पानांत सापडते.

गोव्यातील वाचकांना येथे आणखी एक गोष्ट आठवेल, आणि ती आठवलीच पाहिजे. हा ग्रंथ आपल्या किनाऱ्यावर सत्तेबरोबर आला. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, गोव्यात धर्मन्यायासन होते. १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान निघाले. ज्या राजवटीत स्टीफन्स यांची मराठी ओवी छापली गेली तिनेच पुढे त्या भाषेवर बंदी घातली. देवळे हलवून नेलेल्या घराण्यांना बायबलविषयी अढी असेल तर तिला दोष देता येत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ज्यांनी ग्रंथ हातात धरून जुलूम केला त्यांच्या हातून तो सोडवून घेण्याचा एक मार्ग म्हणजे तो स्वतः वाचणे.

नव्या करारात प्रवेश करताना मार्कापासून आरंभ करावा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचे. मत्तय वंशावळीपासून सुरू करतो, लूक जन्मकथा विस्ताराने सांगतो, योहान सृष्टीच्या आरंभापर्यंत मागे जातो. मार्क येशूला एकदम नदीकाठी उभा करतो आणि त्याच्यामागे धावू लागतो. सर्वांत प्राचीन समजल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातील दोन हस्तलिखितांत मार्काचा शेवट सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी होतो : रिकामी कबर पाहून स्त्रिया घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पुढील वचने मागाहून जोडली असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. भीतीपाशी थांबलेला तो शेवट कोणाला तरी सोसला नसावा.

हीच अपूर्णता लूकाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आहे. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूर देशी जातो, सर्व उडवतो, परत येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो आणि मेजवानी घालतो. आपण कथा येथेच संपवतो. पण ती पुढे आहे. शेतातून परतलेला थोरला मुलगा गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून दाराबाहेरच उभा राहतो. इतकी वर्षे राबलो, मला कधी एक करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या, वाटण्या पाहिलेल्या मराठी वाचकाला तो थोरला अचूक कळतो. किंबहुना आपल्या घरांत जो मागे राहिला, वाडा सांभाळत बसला, त्याची बाजू कोणी ऐकली काय, हा प्रश्न हा दाखला मोकळा ठेवतो.

शेवटी मराठीचा विचार. १८११ साली सेरामपूरहून विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार निघाला; पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या मराठी साहाय्यकांनी हे काम वाढवले. बेळगावात जन्मलेले आणि ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी यांचा या ख्रिस्ती मराठी गद्याच्या घडणीत मोठा वाटा होता. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक मुळावरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने एकटीच्या बळावर केलेले हे काम आपल्या वाङ्मयेतिहासात अजून पुरेसे मोजले गेलेले नाही.

तरीही भाषांतराच्या काही गाठी सुटत नाहीत. हिब्रूतील ‘रूआख’ हा एकच शब्द वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ देतो. मराठीत त्यांचे तीन शब्द होतात आणि ‘आत्मा’ म्हटले की आपल्या मनात वेदान्त उभा राहतो. ग्रीक ‘हामार्तिया’चा मूळ भाव नेम चुकणे, आपले ‘पाप’ पुण्याच्या जमाखर्चात जाऊन बसते. रूथच्या कथेचा प्राण असलेला ‘हेसेद’ हा शब्द मराठीत सहसा ‘दया’ होतो. पण दया वरून खाली वाहते आणि हेसेद ही नात्याला जागण्याची गोष्ट आहे. रूथने नामीवर दया केली, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून शक्य असल्यास दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवून वाचावे : बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले ‘सुबोध बायबल’. उस्मानाबाद येथे २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा काहींनी विरोध केला होता. २०२४ साली ते गेले. त्या विरोधाला त्यांच्या भाषांतराच्या मराठीइतके स्वच्छ उत्तर दुसरे नाही.

क्रम आम्ही असा सुचवू : प्रथम ‘रूथ’, मग ‘नहेम्या’ आणि यिर्मयाचे पत्र, त्यानंतर ‘उत्पत्ति’, मग ‘आमोस’ आणि काही स्तोत्रे, आणि शेवटी मार्क व लूक. ‘रूथ’ मोठ्याने वाचावयास अर्धा तासही लागत नाही. आपल्या मंडळाच्या एखाद्या मासिक बैठकीत ते वाचावे आणि त्या दिवशी घरातील सुनांना, विशेषतः ज्यांची माहेरची भाषा मराठी नाही त्यांना, मुद्दाम बोलवावे. नंतरच्या चर्चेत त्या काय म्हणतात ते ऐकण्यास आम्ही उत्सुक आहोत.